अक्काचा बिनदुधाचा पास्ता

आमच्या शेजारची महानंदाअक्का कढईशी बोलायची. कढई गॅसवर चढवली, झाकण ठेवलं, की कान जवळ नेऊन म्हणायची, "सुम्मने बस गं, आले मी." सुम्मने म्हंजी गप. अक्का उदगीरची, निम्मं कानडी तिच्या तोंडात. नांदेडला आम्ही नवीन खोली केली तवा भिंतीपलीकडून हे ऐकून मला वाटलं, घरात कुणीतरी आजारी हाय.

मला तर सगळ्याचंच भ्या. शाळा सातवीपतूर, आमचे हे आटो चालवतात, दिवसभर घरात मी आन् लेकरू. लेकरू तीन महिन्याचं झालं आन् त्याच्या शीमधी रगत दिसलं. तसंच पदरात गुंडाळून दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई म्हणल्या, त्याला गाईम्हशीचं दूध सोसंना, तू खातीस त्यातून उतरतंय. दूध, दही, तूप, सगळं बंद कर, पर अंगावरचं पाजत राहा. घरी आले तर मला सगळ्यातच दूध दिसाया लागलं. बिस्किटात असंल का, पावात असंल का, कुणाला इचारू? मंग भाकर आन् मीठमिरची, तीबी अर्धीच. आठ दिवसांत माझं दूध कमी झालं. लेकरू रडायचं, मी त्याच्याबरुबर रडायची.

ते रडणं ऐकून अक्का आली. कपाळाला इबूत, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, पदर खोचलेला. माझं ताट बघून म्हणली, "कुठल्या देवाचा उपास करून राहिलीस?"

मी सगळं एका दमात सांगितलं.

"भिऊन दूध येत न्हाई, खाऊन येतं. ऊठ, शेंगदाणे भिजव."

अक्का पोरींच्या हॉस्टेलात मेसचा स्वयंपाक करायची. तिथली एक पोरगी दुधातुपाला शिवत नव्हती, जनावराचं काहीच घ्यायचं न्हाई म्हणायची. तिच्यापायी अक्का हा पास्ता शिकली. "तिनं गाईसाठी सोडलं, तू तुझ्या वासरासाठी सोड," अक्का म्हणली आन् दाणे भिजल्यावर आपल्या घरी कढईत तेल टाकलं. कांदा, लसूण, त्यातच कच्च्या पास्त्याच्या नळ्या, बुडतील एवढं पाणी आन् मीठ. उकडून पाणी फेकायचं न्हाई, त्यानंच दाट होतं. भिजले दाणे सालं काढून मिक्सरात गंधासारखे वाटले, शेवटी तेच वतलं. दोन उकळ्या, मिरपूड, लिंबू. असं पांढरंफेक, साईसारखं झालं की मी दोनदा इचारलं, "अक्का, खरंच दूध न्हाई?"

"डबा दाव माझ्या घरात दुधाचा! चहाबी काळा पिते मी."

मंग उमरीहून आत्याबाई आल्या, माझ्या सासूबाई, किटलीभर तूप घेऊन. ह्यांनी मला बजावलं, "आईला रगताचं सांगू नको. तुझंच दूध वाईट म्हणंल आन् लेकराला उमरीला नेऊन म्हशीचं पाजंल." पास्ता करायला आलेल्या अक्काला मी म्हणलं, तूच आत्याबाईंना सांग की, पास्त्यात साय हाय म्हणून. अक्का कढई हलवत म्हणली, "मी खोटं शिजवत न्हाई बाई."

आत्याबाईंनी माझ्या ताटात बघितलं. "ह्यो काय पाइप शिजवलाय? नळवाल्याचं घर हाय का?" मंग खुश झाल्या. "पर साय मातर झ्याक घातलीस." आन् तुपाची वाटी उचलली. आमच्यात बाळंतिणीचं ताट तुपाबिगर वाढतच न्हाईत. मी अक्काकडं बघितलं. ती माझ्याकडं बघेचना, लेकराला खेळवून राहिली होती. वाटी वाकडी झाली आन् मी ताटावर हातच आडवा धरला. सगळं तूप माझ्या तळव्यावर.

"पोरी! येड लागलं का?"

"आत्याबाई, लेकराच्या शीतून रगत येतंय. तुपादुधानं येतंय. म्हणून मी खाणार न्हाई."

"मंग तुझं पाजणंच बंद कर. मी नेते त्याला. दारात म्हैस हाय."

"म्हशीच्याच दुधाचा तरास हाय त्याला. मी न्हाई देणार. मीच पाजणार."

आत्याबाईंनी माझा हात ओढला, तळव्यावरचं तूप निरपून आपल्या टाचांच्या भेगांना चोळलं. "वाया कशाला घालवायचं?" म्हणल्या. लेकराचं लंगोट उघडून बघितलं, डोळे पुसले आन् अक्कावर डाफरल्या, "तुला समदं म्हाईत हुतं न्हवं? मंग तोंडात काय मूग धरले हुते?"

"लेकरू तिचं हाय. तोंडबी तिचंच पायजे," अक्का म्हणली. "तुम्ही जेवा. निवून राहिलंय."

आत्याबाई दोनदा घेऊन जेवल्या. पुढच्या महिन्यात लेकराचं रगत थांबलं, आन् उमरीहून तुपाऐवजी शेंगदाण्याचं पोतं आलं.

अक्का आता लातूरला लेकीकडं राहती. फोन केला की लेकराचं मागून इचारती, आधी एकच, "आज कुणाला न्हाई म्हणलीस?" मीबी सांगते, आज दुकानवाल्याला, आज ह्यांना. परवा म्हणली, "चार दिवस लातूरला ये, तुला पास्ता करून घालते."

"न्हाई," मी म्हणलं. "तूच हिकडं ये. मी करते."

फोनमधी अक्का अशी हसली, अशी हसली, की मांडीवर निजलेलं लेकरू जागं झालं.