वाल्बुर्गाचा जुना स्वर

ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे पवित्र भाकरीची, मिरवणूक निघते त्या सणाच्या सकाळी वाल्बुर्गा हिंटररायटरचा पाय घरात ठरत नव्हता. कॉफी ओतली ती प्यायची राहिली. सणाच्या पोशाखावरचा रेशमी एप्रन दोनदा बांधला, दोनदा सोडला. टपाल कचेरीतून निवृत्त झालेली ही बाई एरवी उभ्या गावाला शिस्त लावायची. आज मात्र तिला एक धास्ती होती, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

चर्चच्या गायकवृंदात पंचेचाळीस वर्षं बायकांच्या खालच्या पट्टीत गाणाऱ्या वाल्बुर्गाला स्वरलिपी वाचता येत नव्हती. आईशेजारी उभं राहून कानावर पडलं तेच गळ्यात बसलं. हातातला कागद फक्त लोकलाजेसाठी. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि लग्न, बाळंतपणं, नवऱ्याचं मरण या सगळ्यांत तिने ती मूठ उघडू दिली नव्हती.

आणि यंदा वृंद शिकवायला सेवेरिन मास्तर आला. पंचक्रोशीत पूर्वी एक संगीतकार होऊन गेला होता. ख्रिस्तप्रसादापुढे म्हणायची एकच लॅटिन प्रार्थना त्याने कितीतरी चालींत बांधली, आणि तरीही समाधान नाही म्हणून तरुणपणच्या चाली म्हातारपणी दुरुस्त करत बसला. गाव तरुणपणची चाल गात आलं होतं. मास्तरने दुरुस्त केलेली आणली. फरक थोडाच, पण एका ओळीच्या शेवटी खालच्या पट्टीला वेगळा स्वर होता, आणि वाल्बुर्गाचा गळा तिथे हटकून जुन्या वाटेने जायचा.

"खालची पट्टी, कागदात बघा," मास्तर तालमीत म्हणायचा. "ज्यांना जमणार नाही, त्यांनी सणाला बाकावर बसून प्रार्थना करावी."

चोराच्या मनात चांदणं. वाल्बुर्गाला ते बोलणं आपल्यालाच वाटे. बाकावर बसायचं म्हणजे जिवंतपणी पुरून घ्यायचं, असं तिला मनापासून वाटत होतं.

"काय गं, मुंग्या चावल्यासारखी काय करतेयस?" मिरवणुकीत झेन्झीने विचारलं. ही बेकरीवाली झेन्झी तीस वर्षं तिच्या उजव्या हाताला उभी राहत होती.

"बूट चावतोय."

"मी नवरा सोसला, तू बूट सोस."

वाटेवर मांडलेल्या चार वेद्यांपैकी तीन पार पडल्या. चौथी अग्निशामक बंबांच्या शेडपुढे, बर्चच्या फांद्यांनी सजवलेली. तिथेच ती प्रार्थना. फादर गुडघ्यावर आले, मास्तरचा हात उठला. चुकण्यापेक्षा गप्प बरं, असं ठरवून वाल्बुर्गाने नेमक्या त्या जागी तोंड मिटलं.

आणि अख्खी खालची पट्टी गप्प झाली. सहाच्या सहा बायका. गाण्याला मधोमध भोक पडलं.

दोन कडव्यांमध्ये श्वासापुरती जागा असते. तेवढ्यात झेन्झी पुटपुटली, "का थांबलीस?"

"तू का थांबलीस?"

"मला कुठे वाचता येतं? आम्ही सगळ्या तुझ्या तोंडाकडे बघून गातो."

दुसरं कडवं त्याच चालीत. ती जागा पुन्हा चालून येत होती. वाल्बुर्गाला अजूनही चुकायचं नव्हतं. पण पाचजणींना भर रस्त्यात मुकं करण्याचं पाप तिला नको होतं. तिने जुनाच स्वर खणखणीत लावला, आणि सहा गळे एकदम चुकले. मास्तरचं तोंड व्हिनेगर प्यायल्यासारखं झालं.

मिरवणुकीनंतर खाणावळीत सॉसेजची ताटं यायच्या आधीच ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "मास्तर, मला स्वरलिपी वाचता येत नाही. या पाचजणींनाही नाही."

"त्यांचं माहीत नव्हतं," मास्तर म्हणाला. "तुमचं पहिल्याच तालमीला कळलं. तुम्ही पान कधी उलटतच नाही."

वाल्बुर्गाला त्याचा खरोखर राग आला. "मग बोलला का नाहीत? तीन आठवडे डोळ्याला डोळा नाही माझ्या."

"माझ्याही. तुम्ही आपण होऊन सांगाल म्हणून वाट बघत होतो. मंगळवारी तालमीच्या अर्धा तास आधी या. मी तो स्वर गाईन, तुम्ही ऐका."

"आणि या बाकीच्या?"

"त्यांना कशाला बोलावू? आज दिसलंच, त्या तुमच्या तोंडाकडे बघतात," मास्तर म्हणाला. "माझ्याकडे बघतंय कोण?"