एका शेताची एकच ओळ

आमच्या नाटक कंपनीत जब्बार पेटी वाजवायचे. त्यांचा सूर लागला की माझा आवाज आपोआप वर चढायचा. पुढे कंपनी बंद पडली, पडदे मलकापुरातल्या एका गोदामात कुजले, जब्बारही गेले. त्यांची मुलगी गुलनाज मात्र मला अजून मावशी म्हणते. चिखलीत तिचं कॉम्प्युटरचं छोटं दुकान आहे.

लहानपणी एका बालनाट्यात मी तिला राणी केलं होतं. तालमीत तिने विचारलं, "राणी मघाशी एवढी रडली, मग आता तिचे डोळे कोरडे कसे?" तिच्यासोबत राजा झालेला हर्षल संवाद विसरला तरी हसून वेळ मारून न्यायचा, आणि टाळ्या त्यालाच पडायच्या. मोठेपणी ही दोघं धंद्यात भागीदार झाली, तेव्हा मी पेढे वाटले होते.

बीटी कपाशीच्या बोंडांत गुलाबी अळी निघू लागली, त्या हंगामात गुलनाजने एक वेब ॲप्लिकेशन करायला घेतलं. खेड्यातल्या बायांनी मोबाइलवर आपल्या शेताची हालत वेळोवेळी भरायची आणि नुकसानीची सुनावणी झाली की तीच पुरावा म्हणून दाखवायची. खर्च एका संस्थेने उचलला होता. माहिती भरायची पानं गुलनाजने करायची; भरलेली माहिती डेटाबेसमध्ये साठवणं आणि शेवटचा अहवाल, हे हर्षलकडे.

साठवायचं कसं, यावर दोघांचं माझ्या ओसरीवर वाजलं.

"एका शेताची एक ओळ," हर्षल म्हणाला. "नवी नोंद आली की जुनीच्या जागी बसते. दुसऱ्यानं लिहिलेल्या कोडची तयार लायब्ररी हाये, तीच सारं सांभाळते."

"अन् जुनं?"

"जुनं कोण पाह्यते वं?"

"मी पाह्यते. पह्यल्या वेचणीले कापूस चांगला निघते, दुसरीले किडका. मंग माणूस वैतागून पऱ्हाटी उपटते अन् हरभरा पेरते. तुह्या एका ओळीत शेवटी काय राहीन बे? हरभरा."

मला हसू आलं, हर्षललाही आलं. "बरं बाई," तो म्हणाला, "दर नोंदीले नवी ओळ. झालं समाधान?"

त्या भरवशावर ती खेड्यांत गेली. तिथे तानुबाई म्हणून एक विधवा आपलं कोरडवाहू शेत एकटी कसते. बाकीच्या बाया तिच्या तोंडाकडे पाहून ठरवतात. तिने एकच विचारलं, "पोरी, हे पुसल्या तं नाई जाणार?"

"नाई जाणार, मावशी. माहा शब्द हाये."

बाया भरू लागल्या. हर्षलने गुलनाजला एक पान उघडून दाखवलं. एकाच शेताखाली वेगवेगळ्या तारखांच्या नोंदी, एकीखाली एक. ती खूश झाली. अहवालाचं पान तेवढं 'जोडतो, जोडतो' म्हणत त्याने लांबवलं आणि थेट सुनावणीच्या सकाळी जोडून दिलं.

सुनावणीला मीही गेले होते. गुलनाजने तानुबाईचं शेत उघडलं. हरभरा, अळी नाही. दुसरं उघडलं. गहू, अळी नाही. ती एकेक शेत उघडत गेली आणि तिची बोटं हळू होत गेली. समितीतले साहेब सौम्यपणे म्हणाले, "ताई, यात कपाशीचं नुकसान कुठेच दिसत नाही." तानुबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उठली. बाकीच्याही उठल्या.

दुकानात हर्षलने काही नाकारलं नाही.

"एका शेताची एकच ओळ ठेवली मी. तुह्या पद्धतीनं सारं नव्यानं लिहा लागलं असतं. संस्थेले दाखवायची तारीख आली होती. मले वाटलं, सुनावणी कुठं होते."

"अन् मले दाखवलं ते पान?"

"त्या ओळी मी हातानं टाकल्या होत्या."

रंगवलेल्या दारातून आत गेल्याचा अभिनय मी जन्मभर केला आहे. पण समोर बसलेल्याला ते रंगवलेलं आहे हे ठाऊक असायचं, म्हणून तर तो तिकीट काढायचा.

"नाई होत, एवढं म्हणला असता तं मी बसली असती न लिहायले," गुलनाज म्हणाली. "काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तू संस्थेची तारीख पुढं ढकलली असती."

"हाव. ढकलली असती."

हर्षल माझ्याकडे अजून येतो. मी चहा देते, तब्येतीचं विचारते. पोरगा दुष्ट नाही, हे मी कुणालाही सांगेन. पण त्याच्या हसण्यावर मी आता हसत नाही.

गुलनाजने साठवणीचा सगळा भाग स्वतः पुन्हा लिहिला. आता नवी नोंद जुनीला हात लावत नाही, खाली नवी ओळ होऊन बसते. पुढच्या हंगामात ती मला घेऊन तानुबाईकडे गेली आणि मोबाइलवर तिला सगळं करून दाखवलं. या वेळी पानावरचं सगळं खरं होतं. तानुबाईने शेवटपर्यंत पाहिलं, चहा पाजला.

"तू खोटी नाईस, पोरी," ती म्हणाली. "पण आता मी त्याले बोट नाई लावत."

दारात उभ्या बाया तिच्याकडे पाहून आपापल्या घराकडे वळल्या.

"मंग मी येऊन भरू का? तुमी सांगा, मी लिहिते."

"ये न. वेचाले ये. लिहू नको."

गुलनाजने मान हलवली. वेचणी लागली तेव्हा ती दुकान बंद करून गेली. मोबाइल तिने घरीच ठेवला होता.