सगळ्यांच्या मागे

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आमच्या पनवेलच्या ज्येष्ठांचा घोळका थंडीत कर्नाळ्याच्या जंगलात पक्षी पाहायला गेला होता. सोबत एक मार्गदर्शक मुलगी होती. एकेकाचं ध्यान बघण्यासारखं होतं. कोरे बूट, माकडटोप्या, आणि पहिला पक्षी दिसायच्या आत चकल्यांचे डबे उघडलेले! मुलीने गप्प चालायला सांगितलं, तेव्हा एक बाई सुनेच्या तक्रारी हलक्या आवाजात सांगू लागल्या.

मुलीने मला सगळ्यांच्या शेवटी ठेवलं. आपल्या मागे कुणाला राहू द्यायचं नाही, एवढंच काम. उतरताना माझ्या पुढे आमचे शेजारी होते, गुडघ्यांनी अधू. दर वळणावर थांबून म्हणत, "अहो, कोतवाल बघा, कोतवाल!" मला त्यांची किळस आली. त्यांना ओलांडून मी सरळ पुढे निघून गेलो.

खाली आल्यावर ते नाहीत हे कळलं. आम्ही परत वर गेलो. ते दगडावर बसून थरथरत होते, पँट ओली झाली होती.

"काका, तुम्ही शेवटी होतात ना?" मुलीने मला विचारलं.

"तेच म्हणाले, पुढे व्हा."

शेजाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हो, मीच म्हणालो."

"कोतवालाकडे मुक्काम करणार होता की काय?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. त्या सगळ्यांइतकाच हलकटपणे मीही हसलो.

गेल्या वर्षी ते शेजारी वारले. त्याआधी एकदा माफी मागायला मी त्यांची बेल वाजवली होती.

"या, चहा टाकतो."

"नको," मी म्हणालो, "तुमच्याकडे पाणी आलंय का, एवढंच विचारायचं होतं."