सरोजाबाईंचा स्वयंशासन दिन

सप्टेंबर जवळ आला की सरोजाबाईंचं डोकं उठायचं. शाळा भाईंदर पश्चिमेची, मराठी माध्यमाची. शिक्षकदिनी तिथे स्वयंशासन असायचं, म्हणजे त्या दिवशी दहावीच्या मुलांनी शाळा चालवायची. मुख्याध्यापक तेच, शिक्षक तेच, क्लार्क आणि शिपाईही तेच. खऱ्या शिक्षकांनी विद्यार्थी होऊन मागच्या बाकावर बसायचं. मार्चमध्ये ही मुलं शाळा सोडून जाणार, त्याआधी त्यांना जबाबदारी घेता यावी, चारचौघांत बोलता यावं, अडचण आली तर आपलं आपण ठरवता यावं, असा त्यामागचा हेतू. हेडसर दरवर्षी प्रार्थनेनंतर तो मोठ्या आवाजात सांगायचे.

हेतू ऐकायला फार छान होता. प्रत्यक्षात मुख्याध्यापक कोण होणार हे स्टाफरूममध्ये ठरायचं. सहा वर्षं हे काम सरोजाबाईंकडे होतं; मुलांची भाषणं त्या लिहून द्यायच्या. मुलींना साड्या त्याच नेसवायच्या, तोंडात पिना धरून, ओणव्या होऊन. तेवढ्यात कुणीतरी दारात येऊन उभं राहायचं.

“बाई, फळा पुसू?”

“पूस.”

“बाई, कशाने पुसू?”

आता काय बोलायचं यावर? तोंडात पिना होत्या म्हणून कित्येक मुलं वाचली. “बाई, घंटा देऊ?” “बाई, मुलं गडबड करतायत, काय करू?” “बाई, काय करू?” हे तीन शब्द सरोजाबाईंना झोपेतही ऐकू यायचे. एवढं झाल्यावर संध्याकाळी आभार मानायला उठलेली मुलगी बाईंनीच लिहून दिलेल्या कागदावरून वाचायची, “आमच्या लाडक्या सरोजाबाईंच्या मार्गदर्शनाशिवाय हे शक्य नव्हतं.” टाळ्या व्हायच्या. ते वाक्य शंभर टक्के खरं होतं, हेच तर दुखणं होतं.

मुलं मठ्ठ नव्हती. पण दहावी लागली की घरोघरी मुलाला गादीवर बसवायचे. टीव्हीवर चादर पडायची, पाहुण्यांना बंदी व्हायची. “दहावीचं वर्ष आहे” म्हटलं की पोराने पाण्याचा पेलाही स्वतः उचलायचा नाही. घोड्याएवढ्या मुलाचं दप्तर आई शाळेच्या पायरीपर्यंत आणून द्यायची. सरोजाबाई वरून बघायच्या आणि चरफडायच्या. अरे, मार्च संपल्यावर या पोराचं करायचं काय? कॉलेजात कोण जाणार याच्याबरोबर? नोकरीच्या मुलाखतीला आई जाणार का?

त्या इतक्या चरफडायच्या त्याला कारण होतं, पण ते त्या कुणाला सांगत नसत. रत्नागिरीकडच्या एका बुद्धवाडीतून त्या इथे आल्या होत्या. वाडीतली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी म्हणून त्यांचं केवढं कौतुक झालं होतं. पुढे डी.एड. करायचं हे मोठ्या भावाने ठरवलं. लग्न कुणाशी करायचं हे वडिलांनी ठरवलं. भाईंदर पूर्वेला एक खोली आणि स्वयंपाकघर घ्यायचं हे नवऱ्याने, शशिकांतने ठरवलं. सगळ्यांनी प्रेमाने ठरवलं, वाईट कुणीच चिंतलं नाही. पण लग्नानंतर पहिल्यांदा एकट्या भाजी आणायला गेल्या तेव्हा भाजीवाल्याने हिंदीत “क्या दूँ?” विचारलं, आणि आपल्याला काय हवंय हेच त्यांना सांगता येईना. पिशवी रिकामीच घेऊन परत आल्या. हिंदी पुढे आली. काय हवंय ते सांगणं मात्र तितकंसं आलं नाही. आताही शशिकांतने मीरा रोडला, नया नगरच्या बाजूला, मोठा फ्लॅट बघून ठेवला होता आणि महिनाभर तो त्याचं वर्णन करत होता. सरोजाबाईंच्या मनात तिकडे जायचं नव्हतं. त्या “हं” म्हणायच्या आणि पोळ्या लाटायच्या.

चौऱ्याण्णव साली हेडसरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. “बाई, पालक तक्रार करतायत. दहावीच्या वर्षात हे नाटक कशाला, म्हणतात. आणि खरं सांगू? नाटकच आहे हो. सगळं तुम्ही करता, मुलं नुसती मिरवतात. यंदाही तसंच झालं तर पुढच्या वर्षीपासून बंद. त्या दिवशी गणिताचे जादा तास घेऊ.”

सरोजाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला, कारण माणूस खोटं बोलत नव्हता. मुलांना अख्ख्या वर्षात स्वतःचं असं काही करायला मिळायचं ते याच एका दिवशी. तोही यांना भूमितीला द्यायचा! त्या तडक दहावीच्या वर्गात गेल्या.

“यंदा मी कशालाही हात लावणार नाही. माणसं तुम्ही निवडा, भाषणं तुम्ही लिहा, साड्या तुमच्या तुम्ही नेसा. मला काही विचारायचं नाही. फसलं तर पुढच्या वर्षीपासून हा दिवस बंद होणार आहे, तेवढं लक्षात ठेवा.”

 मागून आवाज आला, “बाई, निवडायचं कसं?”

सरोजाबाई बाहेर पडल्या.

मुलांनी हात वर करून निवड केली आणि जवळच्या मोर्वा गावातल्या काशीनाथ म्हात्रेला मुख्याध्यापक केलं. निकाल ऐकून बाईंनी कपाळाला हात लावला. काशीनाथ पहिल्याच चाचणीत इंग्रजीत नापास झालेला, आणि “आहे”ला सरळ “हाय” म्हणणारा. मानसी वर्गात पहिली, बोर्डात येईल अशी शाळेला आशा. तिला मुलांनी क्लार्क केलं. दुसऱ्या दिवशी मानसीची आई स्टाफरूमच्या दारात हजर.

“माझी मुलगी क्लार्क? तुम्ही काही बोलला नाहीत?”

“नाही.”

“मग तुम्ही आहात कशाला?”

हा प्रश्न सरोजाबाईंनाही पडला होता. त्या वह्या तपासत राहिल्या.

तो दिवस उजाडला. साड्या कशातरीच नेसल्या होत्या. एकीच्या निऱ्या भलत्याच बाजूला गेल्या होत्या. बाईंचे हात नुसते शिवशिवत होते, म्हणून त्यांनी घरून विणकाम आणलं होतं. पाचवीच्या मुलांमागे उभ्या राहून प्रार्थनेपासूनच त्या दात ओठ खात विणू लागल्या. प्रार्थनेला काशीनाथ म्हणाला, “आज मी हेडसर हाय. कुनी पलायचा न्हाय.” शाळा खो खो हसली. खऱ्या हेडसरांनी सरोजाबाईंकडे असं बघितलं की त्यांचे दोन टाके सुटले.

दुसऱ्या तासाला शाळेची टाकी कोरडी पडली.

भाईंदरात त्या काळी यात नवल काही नव्हतं. नळाला पाणी येईल तेव्हा यायचं आणि शाळा टँकरवर चालायची. त्या सकाळी टँकर आलाच नव्हता. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता आणि आत प्यायला थेंब नाही. छोट्या वर्गांतल्या मुलांनी “बाई, पाणी” करून दहावीच्या मास्तरणींच्या तोंडचं पाणी पळवलं. संडासाचा वास वऱ्हांड्यापर्यंत यायला लागला. टँकरवाल्याला फोन करणं हे क्लार्कचं काम. मानसीने फोन केला, दोन शब्द ऐकले, आणि रडवेली होऊन पाचवीच्या वर्गात आली.

“बाई, तो म्हणतो ‘शाम को आएगा’. आणि ठेवूनच दिला. बाई, काय करू?”

सरोजाबाईंच्या जिभेवर सगळं आलं होतं. टँकरवाल्याचं नाव, त्याच्या मालकाचं नाव, त्याच्याशी कुठल्या आवाजात बोलायचं ते. एका मिनिटाचं काम. वर्गातली लहान मुलं तहानलेली होती. फोन आपण करावा, मानसीने केला असं सांगावं, कुणाला कळणार होतं? त्या अर्ध्या उठल्यासुद्धा. मग खाली बसल्या.

“मला कशाला विचारतेस? मी पाचवीत आहे,” त्या म्हणाल्या. स्वतःच्या आवाजाचा त्यांना राग आला. मानसी त्यांच्याकडे अशी बघत राहिली की बाईंना सुया फेकून द्याव्याशा वाटल्या. पोर तोंड फिरवून निघून गेली.

पुढचं सगळं सरोजाबाईंनी खिडकीतून पाहिलं. काशीनाथ प्रत्येक वर्गात गेला आणि लपवाछपवी न करता सांगून आला, “पानी संपलंय. मानसी मागवतेय. पह्यली-दुसरीवाले आधी पितील, मोठ्यांनी जरा कळ काढा.” वर्गावर्गातल्या माठांत उरलेलं पाणी त्याने खालच्या वर्गांकडे पाठवलं. मग शाळेतल्या होत्या नव्हत्या तेवढ्या बादल्या पागोळ्यांखाली लावल्या आणि ते पाणी संडासात ओतायला सातवीच्या मुलांची रांग केली. मुलं नखशिखांत भिजली. उद्या निम्मी तापाने फणफणणार आणि पालक माझ्या नावाने शंख करणार, असं सरोजाबाईंच्या मनात आलं. हे त्यांनी कधीच होऊ दिलं नसतं. पण वास कमी झाला, हेही खरं.

ऑफिसातून मानसीचा आवाज आला. आधी बारीक होता, मग चढत गेला.

“भैया, शाम को नहीं चलेगा. बच्चे प्यासे बैठे हैं. अभी नहीं आए ना, तो कल से हम दूसरा टँकर लगाएँगे. हाँ, मैं ही बोल रही हूँ. क्लार्क!”

मधली सुट्टी संपायच्या आत टँकर फाटकातून आत शिरला. शाळेने असा काही जल्लोष केला की ड्रायव्हर लाजला. खरे हेडसर मात्र लालबुंद होऊन ऑफिसात आले.

“दुसरा टँकर कुठून आणणार होतीस तू? भाईंदरात मिळतो का दुसरा टँकर?”

“नाही सर,” मानसी म्हणाली. “पण मी बोलले ते त्याला खरं वाटलं.”

हेडसर खोकले. बाहेर जाताना सरोजाबाईंजवळ थांबून पुटपुटले, “चालू द्या. पुढच्या वर्षीही चालू द्या.”

सरोजाबाईंना इतका आनंद झाला की तो दाखवायची चोरी झाली. समारोपाला त्या पहिल्या रांगेत बसल्या, पदर सारखा करून. आभार मानायला काशीनाथच उभा राहिला. हातात कागद नव्हता. त्याने टँकरवाल्याचे आभार मानले. भिजलेल्या सातवीचे, कळ काढलेल्या मोठ्यांचे मानले. खुर्ची दिल्याबद्दल हेडसरांचे आणि घंटा दिल्याबद्दल शिपाईदादांचे मानले. फोनवर “भांडन केल्याबद्दल” मानसीचे मानले. मग “जय हिंद, जय महाराष्ट्र” म्हणून खाली बसला.

सरोजाबाई टाळ्या वाजवायला विसरल्या. सहा वर्षं पहिलं नाव त्यांचं असायचं. फाटकात काशीनाथ भेटला तेव्हा त्यांना राहवलं नाही.

“काय रे, माझं नाव राहिलं वाटतं?”

“न्हाय बाई, राहला न्हाय. मानसी बोलली व्हती, बाईंचा नाव घे.” काशीनाथ निरागसपणे त्यांच्याकडे बघत होता. “पन तुमी केलाय काय? तुमी तर कायच केला न्हाय.”

एक सणसणीत ठेवून द्यावी असं त्यांना वाटलं. दिवसभर बाकावर बसून जीभ चावली, हात बांधून घेतले, ते काहीच नव्हतं? रेल्वेचा पूल चढून पूर्वेला उतरेपर्यंत त्या मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होत्या. पूल उतरताना त्यांना हसू आलं आणि पाठोपाठ डोळे भरून आले. पोर ते वाक्य स्वतःच्या मनाने बोललं होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा एकाही वाक्यावर बाईंचं अक्षर नव्हतं.

घरी शशिकांत चहा घेत बसला होता.

“अगं, रविवारी तयार राहा. मीरा रोडच्या बिल्डरला हो म्हणून सांगून टाकतो.”

सरोजाबाईंनी छत्री कोपऱ्यात उभी केली. “हं” अगदी ओठांवर आलं होतं.

“मला नाही जायचं मीरा रोडला.”

कप बशीत परत गेला. “हे आत्ता सांगतेस? महिनाभर बोलतोय मी!”

“हो, आत्ता सांगतेय. आधी सांगायला हवं होतं, ते माझं चुकलं. पण तुम्हीही एकदा विचारायला हवं होतं. इथून मला पूल ओलांडला की शाळा आहे. मला इथेच राहायचंय.”

 चिडावं की काय ते शशिकांतला कळेना.

“आज शाळेत झालं तरी काय? काय केलंस तू आज एवढं?”

“मी?” सरोजाबाई खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या. “मी कायच केला न्हाय.”