हातभर ठोकळ्याची किल्ली

मिठागरात मीठ एका दिवसात कधी साठत नाही. रोज थोडं थोडं ओढायचं, बांधावर टाकायचं, आणि हंगाम संपता संपता बघावं तर डोक्याच्या वर रास! माझ्या नातीच्या शिक्षणाचे किस्से तसेच साठलेत. फरक एवढाच, की मीठ विकून मोकळं तरी होता येतं. हे किस्से डोक्यात बसतात आणि डोकं तापवतात. वर ती मलाच म्हणते, "आजी, तुझं बीपी वाढलंय गं." वाढणार नाही तर काय!

नात म्हणजे सायली, माझ्या भरतची मुलगी. आमचं घर कोलशेतला, खाडीच्या अंगाला. चारी बाजूंनी टॉवर उठले, पण आमचा ओटा अजून शाबूत आहे. सायलीने आधी फिजिओथेरपी केली आणि मग एमपीएचला ॲडमिशन घेतली. एमपीएच म्हणजे काय, तर एकेका माणसाला गोळी देत बसायचं नाही, सगळी वस्तीच आजारी का पडते ते शोधायचं. मला ते एका दमात पटलं. भरतला पटलं नाही. तो सगळ्यांसमोर बोलला, "दोन वर्षं दिली. दोन वर्षांत डिग्री झाली तर झाली. नाहीतर पुस्तकं बंद आणि लग्न!"

आता सांगा, भात लावलंय का, की अमुक दिवसांत पिकलंच पाहिजे?

*

पहिल्याच वर्षी घरात हळद होती. आमच्यातली हळद म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. डीजे असा, की शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. त्यात माझा चुलतदीर बाळाराम सायलीला शोधत आला. आला तो आला, सरळ शर्ट वर करून पाठ दाखवली! पाठीवर हा एवढा फोड.

"गो बाय, तू डॉक्टर ना? याच्यावर गोळी सांग."

सायली बिचारी ओरडून सांगतेय, "आजोबा, मी गोळ्या देत नाही. मी पब्लिक हेल्थ शिकतेय. लोक आजारीच पडू नयेत म्हणून काय करायचं, ते."

बाळाराम वळला आणि भरतला हाक मारून बोलला, "भरत, पोरीला कुठे घातलंस रे? लोक आजारी पडले नाहीत तर हिचा दवाखाना चालायचा कसा?"

अख्खा मांडव हसला. भरतसुद्धा हसला! त्याचा मला जास्त राग आला. मी पुढे झाले आणि म्हटलं, "बाळाराम, तू आधी शर्ट खाली कर. इथे माणसं जेवतायत!"

*

मग कॉलेजात सायलीच्या वर्गाला सर्व्हे शिकवला. सर्व्हे म्हणजे लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तरावर टिक करायची. प्रॅक्टिस म्हणून घरच्या माणसाला विचारा, असं सांगितलेलं. सायली माझ्यासमोर बसली.

"आजी, शिक्षण?"

"शाळेची पायरी चढले नाही. लिही."

"काम?" आणि तिने वाचून दाखवलं. नोकरी, धंदा, मजुरी, काम करत नाही. "तू गृहिणी ना? म्हणजे 'काम करत नाही'," असं म्हणून ती टिक करणार, तेवढ्यात मी तिचा हात धरला आणि सुनावलं.

काम करत नाही? परकर सांभाळत मिठागरात उतरायचे तेव्हा तुझा बाप जन्मायचा होता! मिठाने तळपायाला चिरा पडायच्या. लग्न झाल्यावर भात लावलं, म्हशी धुतल्या, पोरं वाढवली. आज घरात येणारी मासळी साफ कोण करतं? आणि कागद म्हणतो काम करत नाही?

"अगं आजी, मी नाही लिहिलं. फॉरमॅट वरून येतो. मोठमोठ्या लोकांनी तपासून पास केलेला असतो."

मी म्हटलं, "बरं. त्या मोठ्या लोकांना विचारून ये, तपासायला बसले तेव्हा चहा कोणी आणून दिला?"

*

ठाकुर्लीचा किस्सा केतकीचा. केतकी ही सायलीची वर्गमैत्रीण, डोंबिवलीची. दातांची डॉक्टर आहे, आता हे शिकतेय. आमच्या ओट्यावर दोघींचा अभ्यास चालतो, म्हणून तिचंही सगळं मला माहीत.

तिला डासांचा सर्व्हे दिलेला. ठाकुर्लीच्या एका सोसायटीत गेली, तर सेक्रेटरी गेटवरच आडवा.

"आमच्या सोसायटीत डास नाहीत. लिहा तसं."

"काका, मला फक्त कुंड्या आणि पाण्याच्या टाक्या बघायच्यात."

"नाहीत म्हणून सांगितलं ना मॅडम! एकसुद्धा..." आणि फाट्कन स्वतःच्याच मानेवर चापट मारली!

केतकीने त्याच्या तळहाताकडे बोट दाखवलं. "काका, मग हा?"

सेक्रेटरी हात पँटला पुसत बोलला, "हा बाहेरून आलाय."

पुढच्याच आठवड्यात तो डेंग्यूने ॲडमिट! केतकी पुन्हा गेली, तेव्हा त्याची बायको वॉचमनला बजावत होती, "कोणी विचारलं तर व्हायरल सांग हां. आमचा फ्लॅट विकायला काढलाय!"

*

आता सायलीच्या थिसिसचं. फिजिओथेरपीच्या वेळी तिच्याकडे कंबर दुखते म्हणून वागळे इस्टेटच्या कारखान्यांच्या गाळ्यांमधल्या बायका यायच्या. कंबरेचं सांगून झालं की हळूच म्हणायच्या, "ताई, लघवीला जळजळतं हो." एक झाली, दुसरी झाली, सगळ्यांचं तेच. का? तर कामावर दिवसभर पाणीच पीत नाहीत. सायलीने ठरवलं, का पीत नाहीत, हाच माझा थिसिस.

तिचे गाईड सर बोलले, "विषय फार छोटा आहे. डायबेटिस घे." हिने हट्ट सोडला नाही.

परमिशन काढून एका पॅकिंगच्या गाळ्यात गेली. शेठ एकदम खूश! "लेडीज टॉयलेट? फर्स्ट क्लास आहे आपल्याकडे. टाईल्स बघा फक्त!"

बघायला गेली तर दाराला कुलूप. किल्ली सुपरवायझरच्या टेबलावर. आणि किल्ली कशी, तर तिला हातभर लांब लाकडी ठोकळा बांधलेला, वर लाल रंग दिलेला! कशाला? तर बायका किल्ली हरवतात म्हणून.

म्हणजे बाईने मशीन सोडायचं, सुपरवायझरपुढे उभं राहायचं, त्याने घड्याळाकडे बघायचं, मग तो लाल ठोकळा हातात धरून सगळ्या पुरुषांच्या मधून चालत जायचं. मागून कोणीतरी बोलणारच, "निघाली बघ स्वारी!" कोण जाईल? म्हणून सकाळी घरून निघतानाच पाणी बंद.

शेठने दार उघडून दाखवलं. आतमध्ये लख्ख! "बघा मॅडम, किती स्वच्छ ठेवतात आमच्या बायका!"

अरे मेल्या, कोणी आत गेलंच नाही तर घाण होणार कशाने!

सायलीने त्या किल्लीचा फोटो काढून घेतला.

*

मग मुलाखती. बायकांना एकेकीला बोलावून विचारायचं होतं. सुपरवायझरने स्वतःच खुर्ची आणली आणि शेजारी बसला. "माझ्यासमोर विचारा ना. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही."

"पाणी किती पिता?"

बाई सुपरवायझरकडे बघणार आणि म्हणणार, "भरपूर पिते ताई."

"काही त्रास?"

"काहीच नाही ताई. सर खूप चांगले आहेत."

एकूण एक बाई हेच! सायली घरी आली ती ओट्यावर बसून रडायलाच लागली. गाईड सरांना दाखवलं तर ते बोलले, "डेटा काय म्हणतो? प्रॉब्लेमच नाही. विषय सोड आणि पुढच्या बॅचबरोबर नवीन घे."

पुढची बॅच म्हणजे अजून एक वर्ष. भरत आत टीव्ही बघत होता. त्याने तिथूनच विचारलं, "मग? त्या दिवा गावच्या स्थळाला फोन करू का?"

मी म्हटलं, "टीव्ही बंद कर आणि फोन खाली ठेव! सायली, रडू नको. त्या बायकांना रविवारी इकडे बोलव. ओट्यावर कोण सुपरवायझर बसतो ते मी बघते."

*

आल्या. सुट्टीच्या दिवशी, पोरंबाळं घेऊन आल्या. आमच्यात माणूस उंबऱ्याशी आला की आधी पाणी. नाव-गाव मागाहून. मी कळशी आणि तांब्या पुढे ठेवला, आणि बघता बघता कळशी रिकामी! सुनंदा म्हणून एक होती, साताऱ्याकडची. तिने दुसऱ्यांदा तांब्या तोंडाला लावला आणि हसली. "आजी, आज रविवार. आज पाणी प्यायचा दिवस!"

पाणी प्यायला वार लागतो? माझ्या अंगाची आग झाली. खारट बांधावर उन्हात उभं राहून आम्ही मीठ ओढलं, पण पाणी पिऊ का, असं कोणाला विचारावं लागलं नाही. अडचण आली तर जोडीदारीण पदर धरून आडोसा करायची. हे सिमेंटच्या गाळ्यात, टाईल्स लावून, ह्यांना आडोसा नाही!

मग सायलीने एकेकीला बाजूला घेऊन विचारलं, आणि काय बोलल्या म्हणून सांगू! एकीला खडा झालेला, एकीला ताप यायचा, एक तर गरोदरपणातही तशीच बसून राहायची.

भरत दाराच्या आड होता. मला वाटलं आता काहीतरी बोलणार. तो बाहेर आला, रिकामी कळशी उचलली, भरून आणली, आणि पुन्हा आत गेला. दिव्याच्या स्थळाचं नाव त्या दिवसानंतर घेतलं नाही. पण दोन वर्षांचंही मागे घेतलं नाही!

गाईड सरांनी ते सगळं वाचलं आणि नाक मुरडलं. "ओट्यावरचा डेटा?"

सायली बोलली, "हो सर. गाळ्यातला सुपरवायझरचा होता."

*

शेवटी प्रेझेंटेशनचा दिवस आला. बाहेरून परीक्षक मॅडम आलेल्या. त्यांनी पास म्हटलं तर डिग्री, नाहीतर थिसिस परत लिहायचा, म्हणजे भरतची मुदत संपली. घरच्यांना मागे बसता येतं, असं कळलं म्हणून मी गेले. भरत गाडी घेऊन आलेला, माझ्या शेजारी बसला.

मॅडम कडक. सकाळपासून एकेका पोराला सोलून काढत होत्या. केतकीलासुद्धा घाम फुटला. सायलीचा नंबर शेवटी. तिने पडद्यावर ती किल्ली दाखवली, लाल ठोकळ्यासकट, आणि बायकांचं सगळं सांगितलं.

मॅडम बोलल्या, "टॉयलेट आहे. किल्ली आहे. मग अडचण काय? ह्या बायकांच्या मानसिकतेचा प्रश्न आहे. किल्ली मागायला लाज कसली? तू जनजागृती सुचवायला हवी होतीस. पोस्टर लाव, लेक्चर दे. हा निष्कर्ष मला मान्य नाही."

सायलीचा चेहरा उतरला. गाईड सर मान डोलवायला लागले. भरतने माझा हात घट्ट धरला.

मला त्यातलं इंग्रजी काही कळलं नाही, पण एक दिसत होतं. मॅडमच्या पुढे सकाळी शिपायाने पाण्याची बाटली ठेवलेली. तिचं सीलसुद्धा तुटलेलं नव्हतं. बाई सकाळपासून बोलतेय, आवाज बसलाय, आणि एवढ्या मोठ्या कॉलेजात तिला कोणी पाणी घ्या म्हणत नाही? पाहुणी आहे ना ती! मला राहवलं नाही. मी उठले, पुढे गेले, बाटली उघडली आणि त्यांच्यासमोर धरली.

"मॅडम, किती वेळ बोलताय. आधी दोन घोट पाणी घ्या."

मॅडमनी पटकन हात आडवा केला. "नको आजी, नको. मला अजून बदलापूरला जायचंय. वाटेत कुठे..."

आणि थांबल्या.

केतकीने तोंडावर हात घेतला. गाईड सर छताकडे बघायला लागले. मॅडमनी बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग सायलीकडे.

"ती किल्लीची स्लाईड," त्या बोलल्या, "परत लाव जरा."