खंडेनवमीनंतरच्या तारा

वडगावात आमच्या घरी हातमाग होता आणि त्यावर बसायचा मला मनापासून कंटाळा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बेळगावातल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर खोलीत मला तात्पुरती नोकरी लागली, तेव्हा आप्पांनी बजावलं, "दिवाळीपतूर कायम झालीस तर बरं. न्हायतर गुमान मागावर बसायचं."

खोलीत कपाटाएवढा एक मोठा कॉम्प्युटर होता. टेबलांवर नुसते पडदे आणि कीबोर्ड. समोर बसणाऱ्याला वाटे, अख्खं यंत्र आपल्या एकट्याचं आहे. खरं तर सगळ्यांची यंत्रं त्या कपाटातच मांडलेली. तू कोण, तुझा वेग किती, तुला काय दाखवायचं, हे मोठा कॉम्प्युटर प्रत्येकाला तारेवरून सांगे. ही मांडणी माझी. खोलीचे प्रमुख असलेल्या आमच्या निपाणीच्या सरांना ती पसंत नव्हती. प्रत्येक पडदा त्याच्या जागी जाऊन हातानं जुळवावा, हा त्यांचा हट्ट. मला त्यांचा भारी राग येई.

खंडेनवमीला आम्ही सगळं सोडवून पुसलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. उत्साह एवढा, की तारांना चिकटवलेल्या नंबरांच्या चिठ्ठ्याही ओल्या फडक्यानं निघून गेल्या. मग ज्याला जी तार सापडली ती त्यानं खोचून दिली.

सुट्टी संपली त्याच दिवशी प्राचार्यांसकट कमिटी आली. मला कायम करायचं की नाही, ते तीच ठरवणार होती. मी बटण दाबलं. प्राचार्यांच्या पडद्यावर पहिल्या वर्षाचा सराव उघडला आणि पोरांपुढे परीक्षेचे मार्क! पोरं खूश. सर टेबलाखाली शिरून तारा ओढू लागले. मला डोळ्यांपुढे माग दिसायला लागला.

आणि एकदम सुचलं. "सर, तारा सोडा, बाहेर या! सगळ्यांनी आपापल्या पडद्यावरचा वरचा आकडा सांगा!"

कुणी मराठीत ओरडलं, कुणी कन्नडमध्ये. तो आकडा म्हणजे तार कपाटात ज्या जागी खोचली तिचा नंबर; मी कपाटाजवळ बसून त्या त्या आकड्याची मांडणी बदलत गेले. एकही तार न हलवता सगळे पडदे ताळ्यावर आले. कुंकवानं माखलेले हात झटकत सर बाहेर आले आणि कमिटीला म्हणाले, "हेच दाखवायचं हुतं बघा आम्हांस्नी." असा संताप आला मला, पण हसूही आवरेना.

दिवाळीआधी कायमची ऑर्डर हातात पडली. पुढच्या खंडेनवमीला आप्पा कॉलेजात आले. खोली नीट हिंडून बघितली, मी सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे ह्या सगळ्यास्नी त्यो मोठा सांगतोय. आणि त्याला कोण सांगतंय गं?"

"मी."

संध्याकाळी घरी मागाची पूजा करताना आप्पा आईला म्हणाले, "हिच्या जागी आता धाकट्याला बसवूया. ही काय परत येत न्हाय." ते हसत होते. मागाचा एवढा कंटाळा असलेली मी मात्र रडत बसले.