बाकावरचे तास

बसथांब्यावर माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईने एक हातमोजा काढला आणि त्यानेच डोळे पुसले. मी आमच्या मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली. ती बोलू लागली. नवरा आता तिला ओळखत नाही, म्हणाली.

माझी बस आली आणि गेली.

समुपदेशकांना परवाना देणाऱ्या इथल्या मंडळाला माझी तिकडची समुपदेशनाची पदवी पुरत नाही. मी किती तास ऐकलं, ते त्यांना वरिष्ठांच्या सहीनिशी हवं आहे. तिकडे मी जिथे बायकांचं ऐकायला बसायचे, ते आमच्या वस्तीतलं केंद्र चालवणाऱ्या शालनताईंना फोन केला, तर त्या हसल्याच. "अगं, आपण कधी घड्याळ लावून ऐकलं का? समोरची बाई उठेपर्यंत आपण उठायचं नाही, एवढाच आपला नियम. तो लिही की!"

त्या नियमाला फॉर्मवर रकाना नाही. परीक्षा घ्या, माझी ना नाही. दुखऱ्या माणसापुढे कुणालाही बसवू नयेच. पण मी ऐकलंच नाही, हे मी मान्य करणार नाही. कारण मग त्या बायका बोलल्याच नव्हत्या, असंही ठरतं.

"तू नर्स आहेस का?" म्हातारीने विचारलं.

समुपदेशक म्हणवून घ्यायची मला अजून परवानगी नाही. "नाही, बसची वाट बघतेय," मी म्हणाले.

तिची बस आली. हातमोजा चढवून ती उठली आणि गेली. आता मी उठायला हरकत नव्हती. पण बसूनच राहिले. या शहरात आल्यापासून माझ्याजवळ इतका वेळ कुणी बसलं नव्हतं, आणि बाकाची ती बाजू अजून थोडी उबदार होती.